आवाज बसवताना

"'टर्मिनल उघडा,'" प्रमिलाताईंनी कागदावरची ओळ मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. आमचं तसं ठरलं होतं.

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग मान वळवून, खाटेवर उशांना टेकवून बसवलेल्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या. आता आली का पंचाईत. आपल्याला टर्मिनल म्हटलं की एष्टीचंच माहीत."

विलासरावांचा चेहरा हलला नाही. हलण्यासारखं त्या चेहऱ्यात फारसं काही उरलंच नव्हतं. पण डोळे हसले, ते मला दिसलं. माझ्या हातातल्या प्रतीवर मी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला. ही चार पानं मीच लिहिली होती, आणि लिहिताना त्या शब्दावर मी क्षणभरही थांबले नव्हते.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. बार्शीतल्या त्या घराची बाहेरची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. खिडकीशी शिलाई मशीन, त्याला झाकण घालून वर ठेवलेला लॅपटॉप, पलीकडे खाट. प्रमिलाताई ब्लाउज शिवायच्या. विलासराव काशीद बार्शीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे खिडकीतल्या माइकवरून सांगायचे. गावात त्यांना तोंडाने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे सगळे. एक दिवस माइकवर 'कुर्डुवाडी' म्हणताना त्यांची जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. साहेबांना वाटलं, काशीद दुपारचीच घ्यायला लागले. मग हातातून पेन गळायला लागलं तेव्हा सोलापूरला दाखवलं, मग पुण्याला. शिरा वाळत जाण्याचा आजार निघाला. औषध नाही. आधी बोलणं गेलं, मग हात, मग पाय. डोकं मात्र लख्ख. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं अजून थोडं दाबलं जायचं.

मी या सगळ्यात कशी आले, तेही सांगते. पाण्याचा पंप, मिक्सर, घरगुती पिठाची चक्की यांच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका असते ना, कुणी न वाचता कपाटात टाकतं ती, तसल्या पुस्तिका मराठीत लिहिणं हा माझा व्यवसाय. पुण्यात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर निरंजन उकिडवे राहायचा. प्रोग्रॅमर होता. त्याने आणि त्याच्या दूरदूरच्या चार मित्रांनी मिळून 'बोलकी पाटी' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. पडद्यावर मराठी अक्षरांच्या ओळी दिसतात, एकेक ओळ आपोआप उजळत जाते. हवी ती ओळ उजळली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळतात, पुन्हा दाबायचं. असं अक्षराला अक्षर जोडत वाक्य झालं की संगणक ते बोलून दाखवतो. ज्याचं एक बोट हलतं त्याला बोलता येईल, असा तो बेत होता. सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. कुणीही फुकट घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, हवा तर बदलावा, पुढे द्यावा. ते इतकं मोकळं होतं की कुणालाही घेता यायचं, आणि इतकं अवघड की कुणालाही लावता यायचं नाही.

"लोक उतरवून घेतात," निरंजन मला जिन्यात म्हणाला होता. "पुढं त्यांचं काय होतं ते कळतच नाही. हेमांगीताई, तुम्ही पंपाचं लिहिता तसं एकदा याचं लिहून द्याल?"

मी त्याच्याशेजारी बसून, त्याला विचारून विचारून चार पानं लिहिली. ती साइटवर चढली. खाली संपर्क म्हणून माझा नंबर टाकला. पुष्कळ दिवस कुणाचाच फोन आला नाही. आला तो बार्शीहून.

"तुमच्या पहिल्याच पानावर अडकून पडले आहे," पलीकडून एक बाई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. वाट चुकलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसा होता. "पुतण्याचा लॅपटॉप आणलाय. पण सोमवारी ह्यांना सोलापूरला न्यायचंय. त्याच्या आत झालं तर बरं."

निरंजन म्हणाला, तुम्हीच जाऊन लावून या, फारसा वेळ लागणार नाही. मीही त्याच बेताने शनिवारी सकाळची गाडी धरली. घरात शिरताच प्रमिलाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मी लॅपटॉपकडे हात नेताच तो हात धरला.

"तुम्ही नका लावू, ताई. तुम्ही लावाल, संध्याकाळी जाल, आणि उद्या ते बंद पडलं तर? हे पुन्हा मुके होतील. एकदा झालेले मी पाहिलेत." त्या थांबल्या. "मला लावू द्या. तुम्ही नुसत्या बसा. अगदीच अडलं तर सांगा."

म्हणून मी बसले. माझ्या धंद्यातही खरं तर हाच नियम आहे. लिहिलेला कागद माणसाच्या हातात द्यायचा आणि आपण तोंड मिटून बघायचं. पण पंपाच्या बाबतीत ते सोपं असतं.

टर्मिनल म्हणजे ती काळी चौकट, हे शेवटी मी सांगितलं. पुढे माझ्या कागदावर लिहिलं होतं, 'तुमचे-नाव या जागी लिहा'. प्रमिलाताईंनी इमानदारीत 'तुमचे-नाव' हीच अक्षरं शोधून शोधून टाइप केली. संगणक म्हणाला, असा कुणी नाही. मग पासवर्ड. टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. त्यांना वाटलं, बटणं बिघडली. त्या पुन्हा पुन्हा टाकत राहिल्या, मग हात मांडीवर घेऊन बसल्या. 'काही दिसणार नाही, तरी टाकत राहा' एवढी एक ओळ लिहायला मला काय धाड भरली होती? निरंजनला सवय होती म्हणून तो बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणून मी लिहिलं नाही. माझ्या प्रतीवर गोलांनी गर्दी केली.

मध्येच वीज गेली. प्रमिलाताईंनी उठून नवऱ्याला पुठ्ठ्याने वारा घातला, नाकातल्या नळीतून पातळ पेज दिली, तोंड पुसलं, कूस बदलून दिली. ते सगळं कुठे न अडता चाललं होतं. मग आम्ही दोघी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायला बसलो.

"सोमवारी सोलापूरला कशासाठी?" मी विचारलं.

"गळ्याला भोक पाडून नळी घालणार आहेत. श्वास कमी पडायला लागलाय. मग मशीनवर ठेवायचं. थोरले दीर, अण्णा, त्यांनी सगळी व्यवस्था केलीय. डॉक्टर म्हणाले, त्याने वर्ष निघतील." त्यांनी आवाज खाली आणला. "ह्यांना विचारलं होतं. डोळे मिटून हो म्हणाले."

"डोळ्यांनी कळतं तुम्हाला?"

"आधी कळायचं. बाराखडीचा तक्ता धरूनसुद्धा पाहिला. पण आता पापणी मुद्दाम मिटली का आपसूक मिटली, ते ओळखू येत नाही." भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला. "म्हणून म्हटलं, जायच्या आधी एकदा बोलू दे. ह्यांच्या तोंडून ऐकलं की मलाही धीर येईल."

वीज आली. त्या पुन्हा मशीनशी बसल्या. एका ठिकाणी लाल अक्षरांत चूक आली, तेव्हा मला निरंजनला फोन करावा लागला. एक छोटा भाग आधी घालायला हवा होता, तो आमच्या कागदावर नव्हताच. निरंजन म्हणाला, "तो तर प्रत्येकाकडे असतोच." मी म्हटलं, "बार्शीत नाही." प्रमिलाताईंनी तो भाग घातला. त्यानंतर पडद्यावर बराच वेळ ओळी धावत राहिल्या आणि आम्ही दोघी, दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तशा, त्यांच्याकडे बघत उभ्या राहिलो.

उन्हं कलायला लागली तेव्हा पाटी उघडली. अक्षरांच्या ओळी आल्या. प्रमिलाताईंनी 'चाचणी' असं लिहिलेल्या चौकोनावर दाबलं आणि खोलीत एक आवाज म्हणाला, "नमस्कार."

आवाज चांगला नव्हता. घागरीत तोंड घालून बोलावं तसा, चढ ना उतार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. स्टँडवरचा तो आवाज त्यांनी किती वर्षं ऐकला असेल.

"असा बोलणार का?" त्यांनी विचारलं.

"सध्या मराठीत फुकटचा एवढाच आहे."

"चालेल." त्यांनी पदराने डोळे टिपले. "बोलणं ह्यांचं असलं म्हणजे झालं."

विलासरावांच्या बोटाखाली बटण बसवलं, चिंध्यांची घडी करून मनगट उचलून दिलं. थोडा सराव केला. 'पंखा' लिहिताना एक अक्षर निसटून भलतंच पडलं, मग पुसून पुन्हा बरोबर आलं. पंखा कमी केला. प्रमिलाताई एवढ्या हरखल्या की सरावाचं पुढचं पान वाचायचं सोडून त्यांनी अण्णांना फोन लावला. "लवकर या. हे बोलायला लागलेत."

अण्णा आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, रुंद खांद्यांचा माणूस. पांढरा सदरा घामाने चिकटलेला. त्यांच्यामागून गल्लीतल्या दोन बायका आल्या, डेपोतले एक जुने कंडक्टर, जाधवर म्हणून, तेही आले. बसायला जागा नव्हती. जाधवर दाराला टेकून उभे राहिले. अण्णांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "ताई, मोठं काम केलंत."

"मी नाही, त्यांनी केलं," मी म्हटलं. पण ते पडद्याकडे बघत होते.

"बोल, विलास," अण्णा म्हणाले. "काय म्हणतोस?"

ओळी उजळायला लागल्या. खोलीत कुणी हलेना. बोट दाबलं गेलं. मग पुन्हा. पडद्यावर 'न' उमटला.

"न," अण्णा मोठ्याने म्हणाले. शाळेत पोराला शिकवावं तसे.

बराच वेळ गेला. 'ळ'.

"नळ," दारातून जाधवर म्हणाले. "नळ आला का विचारतोय." गल्लीतल्या बायका हसल्या. आमच्याकडचा नळ उद्या येणारय, त्यातली एक म्हणाली. अण्णाही हसले. प्रमिलाताई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं, कारण दुखण्याआधी दर वेळी घरात शिरताना ते हेच विचारायचे म्हणे.

बोट थांबलं नव्हतं. 'ळ'ला वेलांटी लागली. मग एक मोकळी जागा. मग पुन्हा 'न'. मोठ्याने वाचणं कधी थांबलं, ते मला आठवत नाही. शेवटी बोटाने 'बोल'चा चौकोन धरला आणि तो सपाट आवाज म्हणाला,

"नळी नको."

"नाकातली म्हणतोय," अण्णा लगेच म्हणाले. "टोचत असेल. प्रमिला, बदलून घेऊ ती."

प्रमिलाताई खाटेच्या काठावर बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या नाकाशी चिकटवलेल्या पट्टीला बोट लावलं. "ही का? ही टोचते?"

विलासराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग नजर पडद्याकडे नेली. ओळी पुन्हा उजळू लागल्या. या वेळी फार वेळ लागला. एकदा अक्षर चुकलं, त्यांनी पुसलं. पुसतानाची ती धडपड बघवत नव्हती, पण कुणाला नजर काढूनही घेता येईना.

"गळ्यात नको," संगणक म्हणाला. "सोलापूर नको."

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. गल्लीतल्या बायकांपैकी एकीने दुसरीचा दंड धरला आणि त्या दोघी चपला घालून निघून गेल्या. जाधवर मान खाली घालून उभेच होते.

अण्णा माझ्याकडे वळले. "ताई, हे यंत्र चुकतं ना? मघाशी अक्षर चुकलेलं मी बघितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रमिलाताईसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा नीट वाचता आलं. मी हो म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. हो, चुकतं, आजच बसवलंय, अजून धड चालत नाही. एवढं म्हटलं असतं की सोमवारची गाडी सोमवारी निघाली असती.

आणि खाटेवरून विलासराव बघत होते.

"अक्षर चुकू शकतं," मी म्हटलं. "असं वाक्य चुकून येत नाही, अण्णा."

अण्णांनी पेढ्यांचा पुडा टीव्हीवर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "पुण्याहून हे घेऊन आलात. आम्ही काय मागितलं होतं? दोन शब्द बोलला असता गोड, आमचं भागलं असतं." मग ते भावाकडे वळले. "विलास, मी सगळं केलंय रे. खाट धरून ठेवलीय तिथं. मी उद्या लोकांना काय सांगू? असा हाताने घालवला म्हणून सांगू?"

विलासरावांचे डोळे भरले. ते पुसायला त्यांना हात नव्हता. पुसले अण्णांनीच, आपल्या सदऱ्याच्या बाहीने, आणि पुसून झाल्यावर ते बाहेर गेले. जाधवर त्यांच्यामागून गेले. मीही उठले. आपण आता इथं असू नये, एवढं मला कळत होतं. पण पिशवी खाटेपलीकडे होती, आणि ती घ्यायला मी वळते तोवर पडदा पुन्हा उजळायला लागला.

"प्रमिला दमली," आवाज म्हणाला.

प्रमिलाताई ताठ बसल्या. "मी दमलेली नाही."

ओळी उजळत होत्या. बोट हललं नाही.

"मी कधी म्हटलं का तसं? एकदा तरी म्हटलं का?" त्या बोलत होत्या अगदी हळू, रोजचं काही सांगावं तशा. "मला काय होतंय? मशीनवर बसून पाय चालवते, तसंच हे. तुम्ही माझ्यासाठी म्हणताय का? तेवढं सांगा. माझ्यासाठी नको म्हणताय का?"

मी पिशवी घेऊन ओट्यावर आले. अण्णा अंगणाच्या कडेला पाठमोरे उभे होते. खिडकी उघडी होती. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो घागरीतला आवाज आला.

"नाही."

शेवटच्या गाडीला मी स्टँडवर गेले. खिडकीतल्या माइकवरून दुसराच कुणी गाड्यांची नावं सांगत होता. पुण्याला पोचेपर्यंत मी त्या चार पानांवरचे गोल बघत होते. त्यांतला एकही, मघाशी जे घडलं त्याबद्दल नव्हता.

सोमवारी त्यांना सोलापूरला नेलं नाही. अण्णा आठवडाभर फिरकले नाहीत, मग एका सकाळी आले आणि रोज येऊन बसायला लागले, असं प्रमिलाताई फोनवर म्हणाल्या. फोन त्यांचे अधूनमधून यायचे. कधी पाटी अडली म्हणून, पण बहुतेक वेळा ती त्यांनीच सोडवलेली असायची आणि फक्त कशी सोडवली ते मला सांगायचं असायचं. मी ते निरंजनला सांगायची, आणि कागदात एकेक ओळ वाढायची. 'काही दिसणार नाही, तरी टाकत राहा.' 'लाल अक्षरं आली तर घाबरू नका, खालची ओळ वाचा.' ऊन वाढत गेलं. एकदा त्या म्हणाल्या, आज हे माझ्याशी भांडले. पेजेत मीठ नाही म्हणाले. नळीतून जाणाऱ्या पेजेत मीठ नाही हे कळलं कसं, म्हणून मी भांडले. हे सांगताना त्या हसत होत्या.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी विलासराव गेले. झोपेतच श्वास थांबला. अण्णा जवळ होते.

मी भेटायला गेले तेव्हा बारावं-तेरावं होऊन गेलं होतं. खाट उचलून नेलेली. तिथल्या फरशीवर पायांच्या चार खुणा होत्या. प्रमिलाताई मशीनशी बसल्या होत्या, पण शिवत नव्हत्या.

"त्या दिवशी त्यांनी नाही म्हटलं," मी विषय काढला नसताना त्या म्हणाल्या. "तुम्ही ओट्यावर होतात. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"माझ्यासाठी म्हणताय का म्हटलं, तर नाही म्हणाले. मग पुढं रोज विचारलं मी. रोज नाही म्हणाले." त्यांनी सुईतला दोरा ओढून काढला. "पण त्यांचं नाही मला लग्नापासून ठाऊक आहे, ताई. डबा कमी पडला का, नाही. थंडी वाजते का, नाही. पाय दुखतात का, नाही. माणूस तोच, मग ते नाही कुठलं धरायचं?"

 मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

"तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलंत, त्याचा राग नाही," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पहिले दोन दिवस होता. पण ऐकून घ्यायला मी एकटी पाहिजे होते. त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दिलं असतं, मी रडले असते, उलटून विचारलं असतं. अण्णांना मग मी समजावलं असतं सावकाश. मी काय केलं? पेढे खायला माणसं बोलावली. त्यांनी एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं आणि समोर गल्ली बसलेली. तुमच्या कागदात एक ओळ घालाल का?"

"कुठली?"

त्यांनी ती तयारच ठेवली होती. सांगितली तशी मी लिहून घेतली.

निरंजनने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "हेमांगीताई, हे बसवण्याच्या पायऱ्यांमध्ये कसं घालू? बाकीचे विचारतील. ही काही तांत्रिक सूचना नाही."

"शेवटची पायरी म्हणून घाल," मी म्हटलं. त्या दिवशी खोलीत काय झालं ते मी त्याला तोवर सांगितलं नव्हतं. तेव्हा जिन्यातच उभं राहून सांगितलं. त्याने ओळ घातली. पुढे कागदाच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या, काळी चौकट गेली, दोन बटणं दाबून सगळं बसायला लागलं, आवाजसुद्धा माणसासारखा झाला. ती ओळ कुणी काढली नाही.

संपर्काचा नंबरही बदलला. माझ्याऐवजी प्रमिलाताईंचा पडला. त्यांनीच मागून घेतला. परभणीहून, गडहिंग्लजहून, एकदा तर बडोद्याहून फोन आला म्हणतात. गेल्या वर्षी एका कामाला सोलापूरकडे गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे उतरले. अण्णा थकलेत, ते ओट्यावर ऊन खात बसले होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं.

आत प्रमिलाताई फोनवर होत्या. मला हाताने बसा म्हणाल्या. पलीकडे कुणीतरी तरुण बाई असावी. शब्द कळत नव्हते, घाई कळत होती.

"आला ना नमस्कार?" प्रमिलाताई म्हणत होत्या. "आला की झालं, बसलं बरोबर. बटण बोटाखाली आहे ना? मनगटाखाली फडकं घाला घडी करून. हं. आता थांबा, गडबड करू नका. सासूबाई आहेत का खोलीत? त्यांना म्हणावं, थोडं बाहेर बसा. मुलांनाही पाठवा. नाही, राग येऊ द्या, नंतर समजूत घालता येते. गेले का सगळे? आता तुम्ही दोघंच आहात ना?"

पलीकडचं ऐकून घेत त्या थोडा वेळ थांबल्या.

"मग दार लोटून घ्या," त्या म्हणाल्या. "मी फोन ठेवते."